फुगेवाल्याच्या बंदुकीची दुर्बीण

परभणीत स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान होतं. पाटीवर तीन चित्रं होती: शिलाई मशीन, स्टो आणि बंदूक. रंगाऱ्याला मशीन जमलं नाही, स्टो जेमतेम जमला, पण बंदूक त्यानं अशी झोकात काढली की पाटी लागली त्याच आठवड्यात एक हवालदार सायकलवरून उतरून आत आले. "मिस्तरी, लायसन दाखवा," म्हणाले. मी त्यांच्या हातात दुरुस्तीला आलेली छऱ्याची बंदूक ठेवली. हिला तेव्हा लायसन लागत नसे. त्यांनी नळी मोडून पाहिली, छर्रा भरला, भिंतीवरच्या मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवर एक बार काढला आणि "ही व्हय," म्हणून घरच्या शिलाई मशीनची तक्रार सांगत बसले. पुढं त्यांचं मशीन मी तीनदा दुरुस्त केलं. लायसन त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आम्ही पांचाळ. लोखंड घरातच होतं. विळे-खुरप्यांवरून माझा हात स्क्रू आणि स्प्रिंगांकडं वळला एवढंच. मशीन आणि स्टो यांच्यावर घर चाललं, पण जीव बंदुकीत रमायचा. परभणीसारख्या गावात बंदुका आणतंय कोण, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारायचे. पेरूच्या बागा राखणारे आणायचे. सेलूचे सरकी साठवणारे व्यापारी उंदरांसाठी आणायचे. पण खरं गिऱ्हाईक म्हणजे जत्रेतले फुगेवाले. मागं पडदा, पडद्यावर रंगीत फुगे, समोर फळी आणि फळीवर बंदूक. उरसापासून उन्हाळ्यातल्या शेवटच्या जत्रेपर्यंत ही मंडळी गावोगाव फिरायची आणि पावसाळ्यात बंदुका माझ्याकडं टाकून जायची.

छऱ्याच्या बंदुकीत दारू नसते. आत एक जाडजूड स्प्रिंग आणि एक दट्ट्या असतो. नळी मोडली की स्प्रिंग दाबली जाते, चाप ओढला की ती सुटते, दट्ट्या हवा ढकलतो आणि हवा छऱ्याला. सायकलच्या पंपाचा खोडकर भाऊ म्हणा. नेम धरायला नळीच्या टोकावर एक बारीक खुंटी असते, तिला आम्ही माशी म्हणतो. डोळ्याजवळच्या खाचेत ही माशी बसवायची आणि माशीवर फुगा.

आता एक कबूल करतो. फुगेवाले माझ्याकडं बंदूक दुरुस्तीला आणायचे आणि जाताना हळूच म्हणायचे, "मिस्तरी, माशी जराशी." पुढचं वाक्य कोणी पूर्ण करत नसे. मी पितळी हातोडीनं माशीला एक हलकी टिचकी द्यायचो. उघड्या डोळ्यांना काही दिसायचं नाही, पण फुग्यावर धरलेला नेम फुग्याच्या शेजारून जायचा. वर्षानुवर्षं मी हे केलं. लोकांची गंमत होते, कोणाचं काय जातं, असं मी स्वतःला सांगायचो.

संपतराव हे एकच फुगेवाले असे, जे माशी सरळ करून मागायचे. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, माणूस नवा आहे, धंदा कळलेला नाही. वयानं माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, अंगानं काटक, डोक्याला निळा रुमाल. त्यांची बंदूक एकच होती आणि तिच्याबरोबर एक नियम होता. गिऱ्हाईक म्हणालं, बंदूक वाकडी आहे, की संपतराव तीच बंदूक उचलायचे, फळीपासून दहा पावलं मागं जायचे आणि लिंबाएवढा फुगवलेला फुगा एका छऱ्यात फोडायचे. चुकले तर त्या दिवसापुरती राहुटी बंद. गावोगावी हा नियम माहीत होता. कित्येक जण मुद्दाम बंदुकीला नावं ठेवायचे, म्हणजे म्हातारा मारून दाखवेल.

मी एकदा म्हणालो, "संपतराव, बाकीचे एवढी उठाठेव करत नाहीत."

"बाकीच्यायची बंदूक वाकडी निघाली तर लोक म्हणत्यात, माणूस चालू हाय," ते म्हणाले. "माझी निघाली तर समद्या वस्तीला म्हणत्यात. तवा माझी सरळच पायजे."

ते बौद्ध होते आणि ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही यावरून मराठवाडा पेटला होता. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात त्यांच्या गावातली वस्ती जळाली, त्यात त्यांचंही घर गेलं. राहुटी, पडदा, फळ्या, सगळं. महिन्याभरानं ते दुकानात आले आणि उभ्या उभ्या एवढंच विचारलं, "बंदूक हाय का?" बंदूक होती. पावसाळा असल्यामुळं ती माझ्याकडं तेल पिऊन कोपऱ्यात उभी होती. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि बराच वेळ दस्त्यावरून हात फिरवत बसले. मी चहा मागवला. त्या बंदुकीवर त्यांनी पुन्हा संसार उभा केला आणि तेव्हापासून माझे त्यांच्यावर काही उपकार असल्यासारखं ते वागायचे. मी तर फक्त दट्ट्याचा वायसर बदलला होता.

पाच-सहा वर्षांनी त्यांचे डोळे कुरकुरायला लागले. दूरचा फुगा चांगला दिसायचा, जवळची खाच धुरकट व्हायची. चष्मा लावला की खाच दिसायची आणि फुगा पुसट व्हायचा. चाळिशीपुढच्या प्रत्येक नेमबाजाचं हे दुखणं आहे. खाच, माशी आणि निशाण या तीन ठिकाणी डोळा एकदम ठरत नाही. "तीन गोष्टी एकदम बगायच्या म्हंजे तीन सुनायचं घर झालं," संपतराव म्हणाले. "मिस्तरी, तुमी आबासायबाच्या बंदुकीला दुर्बीण बसवली म्हनं. मला बसंल का? पर परवडली पायजे."

आबासाहेबांची गोष्ट आधी सांगायला हवी. गंगाखेडकडचे ऊस बागायतदार, मनानं दिलदार, पण कोणतीही वस्तू लहान घ्यायची नाही असा बाणा. पोपट उडवायला साधी बंदूक घेतली आणि तिच्यावर बसवायला कुठून तरी मोठ्या शिकारी बंदुकीची दुर्बीण पैदा केली. बंदुकीच्या दुप्पट किमतीची. मी म्हणालो, "आबासाहेब, ही घोड्याचं खोगीर बकरीवर घालायची गोष्ट झाली." ते म्हणाले, "तुमी घाला तर." घातली. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यातून चंद्र पाहिला, गावालाही दाखवला. पन्नासेक छऱ्यांत आतली नेम धरायची तारांची फुली तुटून खाली लोंबली. खापर माझ्यावर फुटलं.

मी ती दुर्बीण उघडून बसलो तेव्हा कळलं. दारूची बंदूक फक्त मागं धक्का मारते आणि मोठी दुर्बीण तेवढ्याच धक्क्यासाठी बांधलेली असते. छऱ्याच्या बंदुकीत स्प्रिंग सुटली की बंदूक आधी मागं येते आणि दट्ट्या टोकाला आपटला की पुढं उसळते. हा उलटा झटका मोठ्या मोठ्या दुर्बिणींना सोसत नाही. महाग म्हणजे मजबूत, हा आपला समज बंदुकीच्या बाबतीत तरी खोटा आहे.

हे ज्ञान आबासाहेबांच्या खर्चानं मिळालं आणि संपतरावांच्या कामी आलं. मी मशीनचे सुटे भाग आणायला रेल्वेनं हैदराबादला जायचो. तिथल्या एका बंदुकीच्या दुकानात बसून मी दुर्बिणी चाळल्या. दुकानदार म्हातारे मियाँ होते. ते म्हणाले, "मिस्तरी, चांद देखना है या निशाना लगाना है?" मी म्हणालो, दहा पावलांवरचा लिंबाएवढा फुगा. त्यांनी मोठ्या दुर्बिणी उचलून आत ठेवल्या आणि बोटाएवढ्या जाडीची एक हलकी नळी काढली. चौपट मोठं दाखवणारी, त्याहून जास्त नाही. जवळच्या निशाणाला जास्त मोठेपण नकोच असतं, नुसता धूर दिसतो.

दुर्बीण निवडायची एक साधी परीक्षा मी तिथं शिकलो. ती गोणीवर टेकवून समोरच्या खुणेवर फुली धरायची, हात लावायचा नाही आणि डोकं थोडं इकडं तिकडं हलवायचं. फुली खुणेवरच राहिली तर माल घ्यायचा, खुणेवरून पळाली तर ठेवून द्यायचा. सहा नळ्यांतली एक पास झाली. दुसरं, दुर्बिणीच्या पकडीला खाली आडवा खिळा हवा, नाहीतर झटक्यानं ती मागं सरकत येते आणि एक दिवस भुवई फोडते. तो खिळा मी घरी घडवला. सगळं मिळून संपतरावांना झेपेल एवढ्यात बसलं. दुर्बिणीत खाच नाही, माशी नाही, फुली आणि फुगा एकाच ठिकाणी दिसतात. तीन सुनांची एक झाली.

परतीची गाडी उशिरा आली, त्यामुळं दुर्बीण बसवायला एकच दिवस उरला. दुसऱ्या दिवशी गोदाकाठच्या एका गावात जत्रा सुरू होत होती. मी बंदूक वाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट आवळली, म्हणजे माझ्या हाताचा कंप मध्ये यायला नको. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला कागद लावला आणि छर्रे मारत, स्क्रू फिरवत, फुली जुळवली. शेवटचे पाच छर्रे एकाच भोकातून गेले. मी तो कागद शेजारच्या पानवाल्याला, समोरच्या शिंप्याला, सगळ्यांना दाखवून आलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम, असं मला त्या संध्याकाळी वाटत होतं.

सकाळी संपतराव एस.टी. धरायच्या घाईत आले. मी म्हणालो, "एक बार काढून बघा." ते म्हणाले, "तुमी बगितलंय न्हवं? मग मी आनिक काय बगू?" आणि बंदूक पोत्यात गुंडाळून गेले.

त्या दुपारी मीही जत्रेला गेलो, बायकोला घेऊन. खरं तर माझं काम लोकांच्या तोंडून ऐकायला. दुर्बिणीची बंदूक पाहायला गर्दी लोटली होती. ज्याला मारायचं नाही तोही एक डोळा मिटून बघून जात होता. एवढ्यात गावचे एक जावईबापू पुढं आले. जत्रेला आलेला जावई, मागं मेहुणे, मेहुण्या, कौतुक करायला सासरा. त्यांनी तीन छर्रे मारले, तिन्ही फुकट गेले.

"बंदूक वाकडी हाय," जावईबापू म्हणाले. "मी फुली फुग्यावर धरायलोय, छर्रा खाली जायलाय."

गावाचा जावई चुकतो म्हणजे काय? गर्दी सरसावली. "फुगेवाले, दाखवा मारून." आणि मागून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "ह्यांचं असंच असतंय." ते मी ऐकलं आणि संपतरावांनीही ऐकलं.

त्यांनी छोटा फुगा फुगवून पडद्यावर लावला, दहा पावलं मोजली, बंदूक उचलली. डाव्या तळव्यावर नुसती टेकवून, हलक्या हातानं, नेहमीसारखी. बार निघाला. फुगा जागच्या जागी हलत राहिला. त्याच्या खाली, दोन बोटांवर, पडद्याला भोक पडलं होतं.

नेम चुकला असता तर छर्रा कुठंही गेला असता. जावयाचे तिन्ही छर्रे जिथं गेले होते त्यांच्या शेजारीच हा चौथा होता. चार छर्रे एका जागी जातात तेव्हा माणूस चुकत नसतो, फुली चुकलेली असते. हे त्या गर्दीत फक्त मला कळत होतं.

गर्दीत आबासाहेब होते. त्यांनी मला हेरलं. "मिस्तरी, दुर्बीण तुमीच बसवली ना?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्यात निम्मे माझे गिऱ्हाईक होते. मी म्हणालो, "मी तपासूनच दिलीय. पाचही छर्रे एका भोकातून गेले." शब्द न् शब्द खरा होता. त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

संपतराव माझ्याकडं बघत होते. मग गर्दीकडं वळून शांतपणे म्हणाले, "बंदूक सरळ हाय. मिस्तरीचं काम बी सरळ हाय. डोळे गेले माजे. जावईबापू, तुमाला उन्हाची तिरीप आली आसंल. आज राहुटी बंद." आणि त्यांनी पडद्याच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. जावयाची लाज राहिली, माझी राहिली, वस्तीची राहिली. गेली ती एकट्या त्यांची.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "त्यांनी तुमच्याकडं बघितलं तेव्हा तुम्ही खाली बघत होतात." मी जेवलो नाही.

दिवस उगवताच त्यांच्या राहुटीवर पोचलो. वाइसमध्ये जुळवलेली बंदूक हातात का फसली, हे वाटेत एस.टी.त माझ्या डोक्यात लख्ख पडलं होतं. स्प्रिंग सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत बंदूक हातात उसळते. वाइसमध्ये तिला उसळूच दिलं नव्हतं. आवळलेली बंदूक एक आणि हातातली बंदूक दुसरी. मी लोखंडाच्या हातासाठी फुली जुळवली होती, मारणार होते संपतराव.

त्यांना गोणीवर बसवलं. "तुमच्या पद्धतीनं धरा, तुम्हीच मारा. मी नुसता स्क्रू फिरवतो," म्हणालो. एक छर्रा, स्क्रूला दोन टिचक्या. दुसरा छर्रा, एक टिचकी. सातव्या छऱ्याला कागदावरचा कोळशाचा ठिपका उडाला. आठव्याला त्याच भोकातून गेला. मी बंदूक खाली ठेवली.

"संपतराव, काल चूक माझी होती."

"ठाव हाय," ते म्हणाले.

"कधी कळलं?"

"बार निघाला तवाच. मला दिसत व्हतं की. फुगा बी लख्ख दिसत व्हता, फुली बी. तीस वर्सं मारायलोय, माजा छर्रा कुटं जायला पायजे ते मला कळतंय."

"मग डोळे गेले असं का म्हणालात?"

ते उठून पडदा बांधायला लागले. दोरीची गाठ मारून म्हणाले, "बंदूक वाकडी म्हनलो आसतो तर मागून कोन काय म्हनलं आसतं ते तुमी ऐकलंय. मिस्तरी चुकला म्हनलो आसतो तर तुमचं दुकान एका जागी बसलेलं. माजी राहुटी परवा दुसऱ्या गावाला जाईल, लोक इसरून जातील. तुमचं नाव गेलं तर माजी बंदूक कोन बगंल?"

"मी आज सगळ्यांसमोर सांगतो."

"नगा सांगू. मिटलं ते."

मी लगेच मान्य केलं. इतक्या चटकन मी आयुष्यात कोणाचंच ऐकलेलं नाही.

त्या दिवशी आणि पुढं कित्येक जत्रांत संपतरावांनी लिंबाएवढे फुगे फोडले. ती हलकी दुर्बीण शेवटपर्यंत टिकली, फुली एकदाही तुटली नाही. त्यांनी माझ्याकडं इतके फुगेवाले धाडले की पावसाळ्यात दुकानात पाय ठेवायला जागा उरेना. आलेल्या प्रत्येकाला मी सांगायचो, माशी वाकवून मिळणार नाही. दोघे-चौघे परत गेले, बाकीचे राहिले. बंदूक जुळवायची ती मालकाच्याच हातात, हा दुकानाचा कायदा झाला. लोक म्हणायचे, मिस्तरी लय बारीक बघतो. ते बारीक बघणं मी कोणाकडून आणि कोणाच्या मोलानं शिकलो ते मी कोणाला सांगितलं नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संपतराव पेढे घेऊन दुकानात आले. निळा रुमाल कोरा होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, राहुटी त्यांनी आवरली होती. पेढा माझ्या हातावर ठेवला आणि पिशवीतून दुर्बीण काढून टेबलावर ठेवली. "कोन्या गरजवंताला द्या," म्हणाले. मी म्हणालो, तुमची आठवण म्हणून ठेवतो. ते हसले. "आटवन कशाला पायजे, मी काय कुटं चाललोय?" त्यानंतर चार वर्षांनी ते गेले.

दुर्बीण अजून माझ्याकडं आहे. दुकान बंद करून मलाही बरीच वर्षं झाली. एका माणसानं आपलं नाव खर्ची घालून माझं नाव राखलं, आणि त्या नावावर मी मुलींची लग्नं केली, घर बांधलं, चारचौघांत मिस्तरी म्हणून मिरवलो. या सगळ्याबद्दल मन भरून येतं. फक्त वाटत होतं, लोक विसरले असतील. ते तसं म्हणालेच होते.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी त्याच गावात गेलो. पारावर माझ्याच वयाचे चौघे बसले होते. जुन्या जत्रांचा विषय निघाला तसा एक जण म्हणाला, "दुर्बिणीवाला फुगेवाला यायचा बगा. बंदूक लय सरळ व्हती त्याची. पर डोळे गेल्ते बिचाऱ्याचे. जावयापुढं चुकला अन् राहुटी गुंडाळून गेला."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुढची सगळी वर्षं फोडलेले फुगे एकालाही आठवत नव्हते. मी तिथंही काही बोललो नाही. तोंड उघडलं होतं, पण जेवणाची पंगत बसली म्हणून बोलावणं आलं आणि मी उठलो.

म्हणून आता हे मासिकात छापायला देतो आहे. या अंकाची एक प्रत त्या गावच्या वाचनालयात पाठवणार आहे, पारावर कोणी तरी मोठ्यानं वाचेल. त्या दिवशी संपतरावांचे डोळे ठीक होते. हातही ठीक होता. जावईबापूंचाही नेम बरोबर होता. चुकला होता तो मिस्तरी, आणि तो गर्दीत तिसऱ्या रांगेत, बायकोशेजारी उभा होता.